बारा दगडी पहारेकरी

जावयाशी बोलायचं काय, हा प्रश्न ज्या सासऱ्याला कधी पडला नसेल त्याने ही हकीकत वाचायच्या भानगडीत पडू नये. त्याला माझं दुःख कळायचं नाही.

आमचा जावई सज्जन आहे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे, निर्व्यसनी आहे, आणि आमच्या मुलीला सारखा हसवतो असं ती सांगते. (हा प्रकार घडताना आम्ही कोणी पाहिलेला नाही.) आमच्याकडे आला की तो जेवतो, स्वतःचं ताट उचलून ठेवतो आणि खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे असा बघतो, की भिंतीला पोपडे आलेत का ते उठून पाहावंसं मला वाटतं. लग्नाला वर्ष होऊन गेलं. त्या वर्षात मी हवामान, लिफ्ट, रस्त्यातले खड्डे, त्याच्या आईचे गुडघे आणि पुन्हा लिफ्ट असे सगळे विषय काढून पाहिले. उत्तरं मिळाली, पण ती जुन्या काळच्या तारेसारखी. "बरे आहेत." "हो, पडतात." एकदा तर मी "लिफ्ट मध्येच अडकली तर माणसाने काय करावं?" असं विचारलं, तर तो म्हणाला, "थांबावं."

त्या रविवारी मात्र तो आला तो हातात एक चपटा डबा घेऊन. मी डब्यावर झडप घातली, म्हणजे विषय म्हणून.

"काय आहे यात?"

"पुतळे."

"कसले?"

"दगडी."

त्याने डबा उघडला. आत स्पंज होता आणि स्पंजमध्ये कापलेल्या खाचांत बारा माणसं आडवी झोपलेली होती. अंगठ्याएवढी. कोणाच्या हातात भाला, कोणाच्या हातात ढाल, डोक्यावर लोखंडी टोप. सगळी करड्या प्लास्टिकची. आणि मग तो बोलायला लागला. सलग पाच वाक्यं बोलला, मी मोजली. मित्रमैत्रिणींबरोबर टेबलावर खेळायचा एक खेळ आहे, त्यात गोष्ट असते, प्रत्येकाचं एक पात्र असतं, फासे टाकून लढाया होतात. दोन वर्षं चाललेली गोष्ट आता संपणार आहे. शेवटचा डाव महिन्याच्या शेवटच्या शनिवारी त्याच्याच घरी आहे, आणि तो घडतो एका ओसाड राजवाड्याच्या अंगणात, जिथे बारा पहारेकरी शापाने दगड होऊन उभे आहेत. ते दगडाचे दिसायला हवेत, रंगवायला हवेत. पण नव्या इस्पितळात तीन लिफ्ट बसवायच्या आहेत, वेळ कुठून आणायचा?

एवढं बोलून तो पुन्हा भिंतीकडे वळणार, तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "मी रंगवतो."

स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली. "बाबा, नको," मुलगी आतून म्हणाली. पण जावयाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदाच तो मला भिंतीपेक्षा बरा समजतो आहे असं वाटलं.

"खरंच?" तो म्हणाला.

"त्यात काय मोठंसं! दगड तर आहेत," मी म्हणालो.

आता हा आत्मविश्वास नुसता हवेतला नव्हता. मी मोजणी खात्यात आरेखक आहे, म्हणजे जमिनींचे नकाशे काढणारा. पंचवीस वर्षं मी शेता-प्लॉटांच्या हद्दी शाईने आखल्या, आणि माझी रेघ बघायला दुसऱ्या तालुक्यांतून माणसं येत. पुढे कॉम्प्युटर आला. हल्ली नकाशा यंत्रातून सुळकन बाहेर येतो आणि मी त्याच्या कोपऱ्यात सही करतो. हात शाबूत आहे, काम गेलं. तेव्हा कोणाला तरी माझ्या हाताची गरज आहे, आणि तो कोणीतरी आमचा जावई आहे, हे ऐकून माझी छाती जरा फुगली असेल तर मला माफ करावं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्या आल्या मी बाल्कनीत वर्तमानपत्र पसरलं. खिडकीच्या गजांना दिलेला करडा ऑइलपेंट अर्धा डबा शिल्लक होता. दगड करडा, रंग करडा, याहून चांगला योग कोणता? पहिला पहारेकरी मी तासाभरात नखशिखांत रंगवला आणि बायकोला हाक मारली.

तिने तो हातात घेतला, चष्मा लावला, चष्मा काढला.

"अहो, हा आधीही करडाच होता."

"आधी प्लास्टिकचा करडा होता. आता दगडाचा करडा आहे."

"आणि याचं तोंड कुठे गेलं?"

मी निरखून पाहिलं. गजांचा रंग जाड असतो. नाक, डोळे, मिशा सगळं त्याखाली गडप झालं होतं, आणि टोपाखाली एक गुळगुळीत अंडं उरलं होतं. हा गृहस्थ पहाऱ्यावर होता खरा, पण काय बघत होता कोण जाणे.

"पुसून काढतो," मी म्हणालो. थिनरची बाटली होतीच. मी एका वाटीत थिनर ओतलं, पहारेकऱ्याला त्यात बसवलं आणि चहा प्यायला आत गेलो. परत आलो तेव्हा रंग निघाला होता. रंगाबरोबर पहारेकरीही निघाला होता. डावा पाय वाटीला चिकटला होता, भाल्याचा आकडा झाला होता, आणि उरलेला देह कमरेतून असा वाकला होता, की जमिनीवर काहीतरी पडलं असावं आणि हा ते शोधत असावा.

"थिनरने प्लास्टिक विरघळतं," बायको म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत असतं."

लग्नाला तीस वर्षं झाली की माणूस अशा वाक्यावर वाद घालत नाही. मी त्या अवशेषाला रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलं आणि डब्यावर झाकण लावलं. अकरा उरले होते. नेमकं त्याच वेळी मुलीचा फोन आला.

"बाबा, त्या डब्यातलं सगळं ठीक आहे ना? म्हणजे आणखी काही दिसलं का तुम्हाला त्यात?"

हिला कसं कळलं?

"बरोबर बारा आहेत," मी म्हणालो. "एक कमी नाही, एक जास्त नाही. तू मुळीच काळजी करू नकोस."

"बरं," ती म्हणाली. आवाज जरा पडलेला होता. तो का पडला हे मी विचारलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण ज्याच्या कपाटात पाय वितळलेला पहारेकरी आहे तो चौकशा वाढवत नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंग मास्तर राहतात. माझ्या बाल्कनीत चाललेलं त्यांना त्यांच्या बाल्कनीतून सगळं दिसतं, आणि जे दिसतं त्याबद्दल गप्प राहायची त्यांना शाळेपासूनच सवय नाही. ते न बोलावता खाली आले, स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "दगड करडा असतो असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"म्हणजे? कसा असतो?"

"करडा हा रंगच नाही. तो आळस आहे. सावली कधी नीट बघितली आहे का? सावली जांभळी असते!"

मी आयुष्यात पाहिलेल्या सावल्या आठवून बघितल्या. पण मास्तरांनी छत्तीस वर्षं शिकवलेलं, आणि मी एका पहारेकऱ्याच्या वधाचा आरोपी. आपली बाजू पडती होती. त्यांनी आपली रंगपेटी आणली, कोपराने मला बाजूला सारलं आणि चार पहारेकऱ्यांच्या डोळ्यांखाली, गालांखाली, काखांत जांभळ्या सावल्या घातल्या. वर "उजेड पिवळा असतो" म्हणून पिवळे ठिपके दिले. मग मागे सरून, डोळे बारीक करून विचारलं, "लांबून बघा. आता दगड वाटतो की नाही?"

मी बाल्कनीच्या दारापर्यंत मागे गेलो, मग हॉलच्या मध्यापर्यंत. लांबून ते चौघे एकाच भांडणात मार खाऊन आल्यासारखे दिसत होते आणि त्यांतल्या दोघांना कावीळही झालेली होती.

"प्रकाश कमी पडतोय," मास्तर म्हणाले, आणि रंगपेटी बंद करून वर निघून गेले. जाताना एवढं मात्र सांगून गेले, की जे दिसत नाही तिथे कधी कष्ट करू नयेत. पुतळ्याच्या तळव्याला रंग देणं हे नवशिक्याचं लक्षण. त्यांचा हा एकच सल्ला मी शब्दशः पाळला.

मारखाऊ मंडळींना मी साबणाच्या पाण्याने धुतलं. (मास्तरांचा रंग पाण्याचा होता, एवढं नशीब. बराचसा निघाला, एकाच्या काखेतला जांभळा काही केल्या हटेना.) बाराव्या पहारेकऱ्याची भरपाई मात्र हवीच होती. मी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बसून, ज्या यंत्राने माझी रेघ खाल्ली त्याच्याचकडे मदत मागून, परदेशातल्या एका दुकानातून तसाच एक पहारेकरी मागवला. आठ दिवसांनी तो आला नाही. त्याच्याऐवजी पार्सल ऑफिसातून एक पत्र आलं. 'आपल्या नावे आलेली वस्तू: पुतळा, दगडी, प्राचीन. नग एक. खुलाशासाठी समक्ष हजर राहावे.'

दुकानदाराने खेळण्याचं नाव जसंच्या तसं पार्सलवर छापलं होतं.

पार्सल ऑफिसच्या चौथ्या खिडकीमागे एक चष्मेवाले कारकून होते. त्यांनी माझं पत्र वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा पत्र वाचलं. ही पद्धत माझ्या ओळखीची होती. मीही तशीच वापरतो.

"हा पुतळा तुमचा?"

"हो."

"प्राचीन आहे?"

"नावाला. गेल्या महिन्यात केलेला असेल."

"इथे दगडी लिहिलंय."

"प्लास्टिकचा आहे साहेब. तो दगडी दिसावा म्हणून मी त्याला रंगवणार आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे प्लास्टिकच्या वस्तूला रंग लावून तुम्ही ती प्राचीन दगडी मूर्ती म्हणून दाखवणार."

शब्द बहुतेक माझेच होते, पण त्यांच्या तोंडून ऐकताना मला माझाच संशय यायला लागला.

"कोणाला दाखवणार?"

"जावयाला."

रांगेतल्या मागच्या बाई "अगं बाई" असं म्हणाल्या.

"हे बघा," कारकून म्हणाले, "वस्तू खरोखर प्राचीन असेल तर पुरातत्त्व खात्याचा दाखला लागेल. प्राचीन म्हणून खपवलेली असेल तर बनावट वस्तूंचा विभाग, दुसरा मजला. आणि दोन्ही नसेल तर ती नक्की काय आहे ते ठरवायला समिती आहे."

"समिती कधी बसते?"

"अजून नेमलेली नाही."

मी पुरातत्त्व खातं पसंत केलं. दुसऱ्या मजल्यावर जाणं मला अब्रूच्या दृष्टीने बरं वाटेना.

पुरातत्त्वचं ऑफिस म्हणजे एका जुन्या इमारतीतली लांबट खोली. खापरांनी भरलेले खण, आणि टेबलामागे पांढऱ्या केसांच्या, कापडी बूट घातलेल्या एक बाई. मी सगळी कथा सांगितली. त्या हसल्या नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी राहीन. उलट विचारलं, "रंगवलेला एखादा आणलाय का?"

काखेत जांभळा राहिलेला होता खिशात. बाईंनी भिंग लावून तो बराच वेळ पाहिला.

"आजारी आहे का हा?"

"सल्ला घेतला होता," मी म्हणालो.

"या माझ्याबरोबर."

इमारतीच्या मागे अंगण होतं, आणि त्यात कुठून कुठून आणलेले मोडके पुतळे भिंतीला टेकून उभे होते. कोणाला हात नाही, कोणाला डोकं नाही. बाईंनी माझं बोट धरावं तसं मला एकेकापाशी नेलं. "हे खांदे बघा. पाऊस इथे पडतो, धूळ इथे बसते, म्हणून खांदे फिके. आता हनुवटीच्या खाली बघा, वस्त्राच्या चुण्यांत बघा. तिथे ऊन पोचत नाही, काळोख साचलेला आहे. आणि हे नाक. सगळ्यांचा हात लागून गुळगुळीत झालं, म्हणून चमकतं. दगडाला रंग नसतो हो. दगडाला वय असतं."

मी त्या बिनहाताच्या माणसापुढे कितीतरी वेळ उभा होतो. नकाशात मी हजारो दगड दाखवले, हद्दीचे. दगड कसा दिसतो ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

बाईंनी तिथल्या तिथे दाखला दिला. 'सदर वस्तू प्राचीन नाही.' सही, शिक्का. तो नाचवत मी चौथ्या खिडकीवर गेलो. चष्मेवाल्यांनी दाखला वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा दाखला वाचला.

"पार्सलवर प्राचीन. दाखल्यात प्राचीन नाही. दोन कागद जुळत नाहीत."

हे वाक्य मी माझ्या ऑफिसात स्वतः किती लोकांना ऐकवलं असेल याची गणती नाही. त्यांना काय वाटत असेल ते मला आता तंतोतंत कळलं. पार्सल आल्या वाटेने परदेशी गेलं आणि मी बसने घरी.

शनिवार चार दिवसांवर आला होता. बाईंनी दगड दाखवला, पण तो प्लास्टिकवर उतरवायचा कसा? काळोखाचं जमलं: काळ्या रंगात भरपूर पाणी घालून पुतळ्यावर ओघळू दिलं, की तो आपणहून खळग्यांत जाऊन बसतो. एकदम डोळे उघडले सगळ्यांचे. पण खांद्यावरची धूळ? माझा ब्रश जिथे टेके तिथे पांढरा डाग पडे. मारखाऊ गेले आणि चुना पडलेले आले.

बायको दारात उभी राहून हे बघत होती.

"पावडर कशी लावतात?" तिने विचारलं.

"कसली पावडर?"

"तोंडाला. ब्रश पावडरीत बुडवतात, मग झटकतात. झटकून झटकून काही उरलं नाही असं वाटलं की मग गालावरून फिरवतात. जेवढं उंच तेवढ्यालाच लागतं." ती आत गेली आणि आपला गालांचा ब्रश घेऊन आली, मऊ, गुबगुबीत, मुलीच्या लग्नासाठी घेतलेला. "हा मला परत नकोय. पण नीट कर."

मी ब्रशाला फिका रंग लावला, कागदावर पुसून पुसून कोरडा केला, आणि पहिल्या पहारेकऱ्याच्या अंगावरून हलकेच फिरवला. नाक उजळलं. टोपाची कड उजळली. ढालीवरचं नक्षीकाम, जे तिथे आहे हेच मला ठाऊक नव्हतं, ते वर आलं. दोघंही आम्ही श्वास रोखून बघत होतो. दगड. शंभर टक्के दगड, पावसात उभा राहिलेला.

"अगं," मी म्हणालो.

"दिसतंय मला," ती म्हणाली, आणि खुर्ची घेऊन शेजारीच बसली. पुढचे तीन दिवस ती ब्रश झटकायची आणि मी फिरवायचो.

अकरा झाले. एक कमीच. शुक्रवारी दुपारी मी अर्धी रजा टाकून घरी आलो, डब्यातला स्पंज धुवायला म्हणून उचलला, तर त्याच्याखाली आणखी एक पातळ स्पंज, आणि त्यात कापसात गुंडाळलेली एक बाई! हातात धनुष्य, पाठीला भाता. पण ती रंगवलेली होती: हिरवा झगा, लाल केस, कमरपट्ट्यावर बारीक बारीक पानं. मी मनाशी म्हणालो, कोणी नवशिक्याने दगडी पुतळ्याला भडक रंग फासले आणि मग शरमेने खाली लपवून ठेवला. काम तसं वाईट नव्हतं, पण दगड म्हणून पार फसलेलं. बारा पहारेकऱ्यांत एक बाई असली म्हणून काय बिघडलं? संध्याकाळपर्यंत तिचा दगड झाला. खरं सांगतो, बाराजणांत ती सगळ्यांत सरस उतरली. हात बसला होता ना.

शनिवारी दुपारी आम्ही दोघं डबा घेऊन मुलीकडे गेलो. जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा राजवाडा उभा होता. तीन मित्रमैत्रिणी आलेल्या: एक दातांची डॉक्टर, एक दाढीवाला विज्ञानशिक्षक, आणि एक अतिशय उंच माणूस, ज्याचा व्यवसाय मला शेवटपर्यंत कळला नाही. जावयाने डबा उघडला आणि एकेक पहारेकरी काढून अंगणात उभा करायला लागला. पहिला ठेवला तसे सगळे पुढे झुकले. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एकाला नखाने टोकरून पाहिलं.

"हा खरा दगड नाही?"

"छे, छे," मी म्हणालो. अशा आवाजात, की त्यांनी आणखी एकदा विचारावं.

"बाबा, हे तुम्ही केलंत?" मुलगी म्हणाली. त्या क्षणी मला पंचवीस वर्षांच्या सगळ्या रेघा पावल्या.

मग जावयाने बारावी काढली. ती त्याच्या हातातच राहिली. मुलीने ती त्याच्याकडून घेतली, उलटी केली. तळाला रंग नव्हता. तिथे, बारीक हिरव्या अक्षरात, आमच्या मुलीच्या नावाचं आद्याक्षर होतं.

"बाबा," ती म्हणाली, "ही मी आहे."

मग तिनेच हळू आवाजात सांगितलं. दोघांची ओळख झाली त्या पहिल्या वर्षी त्याने तिच्यासाठी ती रंगवली होती. तीन महिने लागले. कमरपट्ट्यावरची वेल त्याने एका केसाच्या ब्रशाने काढली होती. दोन वर्षं ती याच पात्राने खेळत होती, आणि गेले तीन आठवडे घरभर तिला शोधत होती; पहारेकऱ्यांच्या डब्यात ती कधी ठेवली ते दोघांनाही आठवत नव्हतं. फोनवर तेच विचारायचं होतं तिला.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला वाटलं, पण तो चौथा मजला होता. बायकोने माझ्याकडे बघायचंही टाळलं. जावई अंगठ्याने तो कमरपट्टा चोळत होता, जिथे वेल होती तिथे. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

"चुकलो मी," मी म्हणालो. "एक पहारेकरीही माझ्या हातून मेला. तो कपाटात आहे. मी बारा आहेत असं खोटंच सांगितलं. चुकलो."

त्याने ती बाई टेबलाच्या मधोमध, सगळ्या पहारेकऱ्यांच्या मध्ये ठेवली. मग तो उभा राहिला. आणि एक आवाज आला. खर्जातला, खोल, दिवाणखान्याच्या टोकापर्यंत पोचणारा. तो कोणाचा आहे ते कळायला मला वेळ लागला, कारण तो आमच्या जावयाचा होता.

"तीन आठवडे तुम्ही तिला शोधत होता. डोंगरात शोधलंत, नदीकाठी शोधलंत. ती इथे आहे. दार उघडायला ती एकटी पुढे आली होती, आणि दार उघडण्याआधीच तिच्या पायांपासून थंडी वर चढायला लागली. बघा तिच्याकडे. केससुद्धा दगडाचे झाले आहेत."

गोष्ट सांगणारा तोच होता! दोन वर्षं दर शनिवारी हाच माणूस बोलत होता, आणि बाकीचे ऐकत होते. दाढीवाला शिक्षक तोंड उघडं टाकून बसला होता. आमच्या मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसतही होती.

"आणि हे कोणी केलं?" जावयाने टेबलावरून नजर फिरवत आणली ती माझ्यावर थांबवली.

"मी," मी म्हणालो. "पण माझा हेतू चांगला होता."

"सगळे जादूगार असंच म्हणतात," उंच माणूस म्हणाला, आणि वीस बाजूंचा एक फासा माझ्या हातात ठेवला.

मी दोन तास दुष्ट जादूगार होतो. अंगणाच्या पायऱ्यांवर उभा राहून मी एकट्याने त्यांना रोखून धरलं. आमची ही कोणत्या बाजूला असेल? तिने खुर्ची सरळ शत्रूकडे सरकवली. "यांना दोन गोष्टी एका वेळी जमत नाहीत," ती डॉक्टरीणबाईंना सांगत होती, "दोन्हीकडून एकदम चला." चालल्या. फासा वीसवर पडला, मुलीचा शाप सुटला, आणि सुटल्या सुटल्या तिने पहिलं काम काय केलं असेल तर बापावर बाण सोडले. तिसऱ्याला मी कोसळलो. माझ्या मरणाचं वर्णन जावयाने असं काही केलं, माझ्या एकाकीपणाचं, माझ्या थरथरत्या पण निपुण हातांचं, की बायकोने पदराने डोळे टिपले. जिवंतपणी माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कोणी बोललेलं नाही.

मंडळी गेल्यावर मी चपला शोधत होतो, तर जावयाने टेबल पुसून रंगांची पेटी मांडली, दिवा जवळ ओढला आणि दगडी मुलीला माझ्यापुढे ठेवलं.

"बसा बाबा. हिला परत माणूस करायचंय."

"मी? पुन्हा मी हात लावू?"

"तुम्हीच लावा. मी सांगतो."

आणि त्याने सांगितलं. कातडीचा रंग सरळ लावायचा नाही, खाली आधी तांबूस द्यायचा. झगा हिरवा करायचा, तर चुण्यांत थोडा निळा. मनगट टेबलावर टेकायचं, श्वास सोडून झाल्यावर ब्रश टेकायचा. त्याच्या बोलण्याला खंड नव्हता आणि मला मध्ये बोलायला फट नव्हती. झगा झाला, केस झाले. वेल तो म्हणाला मी काढतो, डोळे तुम्ही काढा.

मी श्वास सोडला. ब्रश टेकला. एक ठिपका. दुसरा ठिपका. चष्मा सारखा करून पाहिलं, तर एक बुबुळ उजवीकडे गेलं होतं आणि दुसरं डावीकडे. मी घाईघाईने पुसायला फडकं उचललं, तेवढ्यात जावयाने माझा हात धरला. त्याने तिला दिव्याखाली धरून बराच वेळ निरखलं.

"राहू दे बाबा," तो म्हणाला. "एक डोळा शत्रूवर राहील, एक तुमच्या ब्रशवर."

हा विनोद होता हे माझ्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. तोपर्यंत मायलेकी दोघी खुर्चीला धरून हसत होत्या.